वाळूचा खुलासा

आक्षेप क्रमांक सतरा :
लांब उडीच्या खड्ड्यासाठी वाळू खरेदी, तीन ब्रास.
प्रत्यक्ष मोजणीत भरली सव्वादोन.
पाऊण ब्रास कुठे गेली
याचा खुलासा सात दिवसांत करावा.

आपण स्वतः आला होतात मोजायला,
घणसोलीच्या उन्हात, डोक्यावर रुमाल टाकून,
टेपचं एक टोक माझ्या हातात देऊन.
तेवीस वर्षं लेखा विभागात आहे मी,
वाळूला हात त्या दिवशी पहिल्यांदा लागला.
गरम होती.
तेवढं मोजणीपत्रकात आलेलं नाही.

तर साहेब, विद्यापीठ आमचं लहान.
दर विद्यार्थ्यामागे क्रीडा शुल्क पस्तीस रुपये,
त्यातले अकरा विम्याचे, नऊ प्रवेशिकांचे,
आणि उरलेल्या पंधरात
धावणारे, उड्या मारणारे, भाला फेकणारे
(भाला एकच, टोकाशी झाळलेला)
आणि त्यांची केळी.

केळ्यांचं बिल मीच दोनदा परत पाठवलं होतं.
डझनाचा दर जास्त वाटला.
तिसऱ्यांदा गायकर सर घेऊन आले तेव्हा
बिलाच्या पाठीवर पेनानं लिहिलं होतं :
उपाशी पोर उडत नाही, मॅडम.
बिल मी मंजूर केलं. पाठीची झेरॉक्स काढून
डब्याच्या पिशवीत ठेवली. अजून आहे.

मैदानाचं म्हणाल तर कमावतं तेच.
थंडीपासून मेअखेर लग्नं,
मध्ये एक घरांचं प्रदर्शन, एकदा कुत्र्यांची स्पर्धा.
मांडव उठतात, खांबांचे खड्डे राहतात.
त्या भाड्यातूनच पोरींना नागपूरला पाठवतो आम्ही
आणि त्याच खड्ड्यांना वळसा घालत
त्या सरळ धावायला शिकतात.
हे वाक्य कुलसचिवांनी मसुद्यातून काढलं.
मी परत घातलं आहे.

आता वाळू.
थोडी खाडीच्या वाऱ्यानं नेली, हे मान्य व्हावं.
थोडी कुणा मांडववाल्यानं. पुरावा नाही.
मांजरं येतात.
मांजरांचा दर काढायची पद्धत आमच्याकडे नाही.

बुधवारी कार्यालय सुटल्यावर
मी खड्ड्याच्या काठाशी जाऊन बसले.
ऋतिका शेडगे, द्वितीय वर्ष वाणिज्य,
वडील माथाडी, कांदा-बटाटा मार्केटला.
बावीस उड्या मारल्या तिनं.
प्रत्येक उडीनंतर गायकर सर दंताळं फिरवायचे
आणि वाळू अशी सपाट व्हायची
की आधी कुणी पडलंच नव्हतं तिथे.
मग ती पायरीवर बसली. बूट काढले, उलटे केले.
एक. दुसरा.
चमचा-चमचाभर वाळू फरशीवर.
वेणीत होती ती, कोपरावरची, कानामागची
तशीच गेली तिच्याबरोबर माथाडी वसाहतीत.

घरी येऊन मी हिशेब मांडला.
चमचा पंधरा ग्रॅमचा, बूट दोन,
खेळाडू पंधरा, सरावाचे दिवस दोनशे.
नव्वद किलो होतात.
पाऊण ब्रास म्हणजे साडेतीन टनांच्या आसपास.

जुळत नाही, साहेब.
वारा धरला, मांजरं धरली तरी.

‘तीन ब्रास मिळाली’ याखाली सही माझी आहे.
ट्रक आला तेव्हा मार्चअखेर होती,
मी खिडकीतून पाहिला, भरलेला दिसला,
आणि शिक्का मारला.
खाली उतरले नाही.
दुसरा जिना, ऊन, टेबलावर एकसष्ट व्हाउचरं,
कारणं आहेत, पण ती खुलाशात बसत नाहीत.

वसुली माझ्या पगारातून व्हावी.
हप्ते पाडून दिल्यास उपकार होतील.

फक्त त्यातून नव्वद किलो वजा करावी.
ती गहाळ नाही,
खर्ची पडली आहे.